पानातली मिरची

लामफायनं वीस दिवस झाले कुणाच्या हातचं काही तोंडात घातलं नव्हतं. तिला मारायला कुणी टपलं होतं असं मुळीच नाही. त्रेसष्ट वर्षांच्या, गुडघे धरलेल्या, अंगाला कुत्र्यांचा वास मारणाऱ्या बाईला मारून कुणाला काय मिळणार? पण तिचं डोकं एकदा फिरलं की फिरलं. शेजारच्या चांथीनं बांबूच्या कोवळ्या कोंबांचं कालवण वाटीभर आणून दिलं, तर ही बया ती वाटी नाकाशी धरून हुंगायची, आणि तेही चांथीच्या देखत.

"काय हुंगतेस गं? कोंब आहेत, साप नाही घातलेला!" चांथी म्हणायची.

"असतील कोंब," असं म्हणून लामफाय वाटी पायरीवर ठेवून द्यायची. वाटी संध्याकाळपर्यंत तिथंच. ती परत नेताना चांथी जे बोलायची ते इथं सांगण्यासारखं नाही.

कारण होतं, नाही असं नाही. वीस दिवसांपूर्वी नोंग हिन या त्यांच्या गावच्या विहारामागं, फणसाच्या झाडाखाली तीन कुत्री मरून पडली होती. एक पिवळा म्हातारा, एक काळी, आणि तिसरी चारडोळी. डोळ्यांच्या वर दोन पिवळे ठिपके, म्हणून तिला चारडोळी म्हणायचे. तिघांच्या तोंडाला फेस होता. चारडोळीच्या जबड्यात केळीच्या पानाचा तुकडा अडकला होता आणि शेजारी बांबूची बारीक काडी पडली होती, पुडी टोचून बंद करतात तसली. लामफायनं ते पान सोडवून घेतलं, धुतलं नाही, तसंच घरी नेऊन चुलीवरच्या फळीवर ठेवलं. रोज ते पान बघायचं आणि मनातल्या मनात गावातली एकेक माणसं समोर उभी करायची, हा तिचा उद्योग झाला.

मांसासाठी कुत्री नेऊन बदल्यात प्लास्टिकच्या बादल्या देणारा एक फेरीवाला महिन्यातून एकदा टेम्पो घेऊन यायचा. त्याच्यावर तिचा जुना राग. पण विष खाऊन मेलेलं कुत्रं त्याच्या काय कामाचं? त्याचं नाव तिनं खोडलं. चांथी पपईचा तिखट कीस कुटून विकायची. तिच्या टेबलांखाली कुत्री जाऊन बसत म्हणून ती उकळतं पाणी फेकायची. हे नाव राहिलं. आणि थोंगमा. तो झुंजीचे कोंबडे पाळायचा. त्याचा तीन वर्षं जपलेला, लाल मानेचा कोंबडा चारडोळीनं एका सकाळी टोपल्यातून ओढून काढला आणि मान मोडली. थोंगमानं त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. मेलेला कोंबडा मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. ओरडला असता तर लामफायला बरं वाटलं असतं. ओरडणारा माणूस मोकळा होतो. हा गप्प बसला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

आता ही बाई कुत्र्यांच्या मागं कशी लागली, ते सांगायला हवं. गावात लहानथोर तिला 'पा' म्हणतात, म्हणजे आपल्याकडची थोरली मावशी. पण पूर्वी ती काही प्राणिमात्रांवर दया करणारी वगैरे नव्हती. शाळेसमोर तांदळाच्या शेवयांचं दुकान चालवायची. नवरा परदेशी मजुरीला गेला आणि तिकडचाच झाला. घरात ती आणि तिची मुलगी दुआन, दोघीच.

दुआन सतरा-अठराची झाली तेव्हापासून लामफायच्या घरातला भात कमी होऊ लागला. सकाळी वाफवलेला चिकट भात वेताच्या टोपलीत भरून ठेवायचा, आणि दोन तासांनी बघावं तर मूठ-दोन मुठी गायब. लामफायला वाटलं, पोरगी कुठल्या तरी रिकामटेकड्या पोराला खाऊ घालतेय. तिनं भातावर बोटानं खुणा करून ठेवल्या. टोपली उंच टांगली. तरी भात जायचाच. एकदा तिनं दुआनच्या मनगटावर पळी हाणली.

"कोण आहे तो? नाव सांग!"

"कुणी नाही गं आई."

"कुणी नाही, तर भात काय भुतं खातात?"

दुआन हसली होती. मनगट चोळत हसली होती. एकोणिसाव्या वर्षी ती मोटरसायकलवरून येताना उसाच्या ट्रकखाली गेली. विहाराच्या आवारात तिला अग्नी दिला, तेव्हा कुठून कुठून कुत्री आली आणि चितेच्या ओट्याभोवती येऊन बसली. वीस-पंचवीस तरी असतील. भुंकली नाहीत, भांडली नाहीत. बायका घाबरल्या. तेव्हा लुआंगफो, म्हणजे विहाराचे थोरले भिक्खू, लामफायला म्हणाले, "ती रोज सकाळी मूठभर भात घेऊन यायची ना यांच्यासाठी. तुला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. भातावर खुणा करणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातली मोठी बादली भरून ती विहारात गेली. त्याला बारा वर्षं झाली. दुकान हळूहळू मिटलं. लोक फाटकाशी पोत्यात घालून पिल्लं सोडून जातात, विहारात सोडलं की पाप लागत नाही अशी त्यांची समजूत. ती पिल्लं ही उचलते. गाडीखाली मोडलेली कुत्री आपल्या तीनचाकी गाड्यात घालून तालुक्याच्या डॉक्टरकडे नेते. जखमेतले किडे चिमट्यानं काढते. अंगठ्याचं एक पेर कुत्र्यानंच चावून नेलंय, त्याबद्दल विचारलं तर म्हणते, "त्याला दुखत होतं." माणसांबद्दल मात्र तिनं अशी सूट कधी कुणाला दिली नाही.

तर, तीन कुत्री मेली. आणि तेव्हापासून वीस दिवसांवर भुईला भात वाहायचा दिवस आला होता. नवव्या महिन्यातल्या अवसेच्या आदल्या पहाटे घरोघरची माणसं केळीच्या पानात भात, मासा, केळं, पान-सुपारी, एखादी विडी असं बांधून आणतात आणि विहाराच्या आवारात झाडांच्या बुंध्याशी, भिंतीच्या कडेनं, भुईवर ठेवतात. मेलेल्यांसाठी. ज्यांचं कुणी नाही अशांसाठीही एक जास्तीची पुडी. कुणाच्या पुडीला कुणी हात लावायचा नाही. सूर्य वर येईपर्यंत विहारातली कुत्री पुड्या फाडतात, खातात, आणि गावातल्या म्हाताऱ्या हात जोडून म्हणतात, पोचलं बाई माझ्या माणसाला.

लामफायला तो दिवस आठवला आणि ती हिशेब मांडायला लागली. दोनशे पुड्या! दोनशेंत एक विषाची घातली तर कोण ओळखणार? उचलायची सोय नाही, उघडून बघायची सोय नाही. कुत्री बांधून ठेवावीत, तर एकतीस कुत्री, कुणाकुणाला बांधणार? आणि बांधली तर लोक म्हणणार, आमच्या माणसांना उपाशी ठेवलंस.

मग तिनं ठरवलं ते ऐकलं तर तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे. तिनं कुत्र्यांना पानाची भीती शिकवायचं ठरवलं. रोज पहाटे उठून खलात बारीक, जहाल मिरच्या कुटायच्या. भाताच्या गोळ्यात त्या घालायच्या, वरून मीठ आणि माशाचा तुकडा, म्हणजे कुत्रं घास गिळेल. केळीच्या पानात बांधायचं, काडी टोचायची आणि विहारामागं जाऊन स्वतःच्या हातानं एकेकाच्या पुढं टाकायचं. पहिल्या दिवशी कुत्री केकाटत तळ्याकडे धावली. तोंडं चिखलात घासली. लामफाय फणसाखाली उभी राहून शिव्या देत होती आणि रडत होती.

"शिका रे मुडद्यांनो, शिका! पान दिसलं की पळायचं! कळलं?"

तीन-चार दिवसांत बरीचशी शिकली. पानाची पुडी दिसली की शेपूट घालून बाजूला व्हायची. बादलीतलं मात्र पहिल्यासारखं खायची. सगळ्यात उशिरा शिकला तो कासव. मागचा एक पाय मोडका, चालायला हळू, म्हणून कासव. दुआनच्या हातचं खाल्लेलं ते शेवटचं उरलेलं कुत्रं. तो पुडी दिसली की पहिल्यांदा लामफायच्या तोंडाकडे बघायचा. ही टाकतेय म्हणजे चांगलंच असणार, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सहा वेळा त्याचं तोंड भाजलं. सातव्या वेळी त्यानं पुडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मान वळवून घेतली. लामफाय म्हणाली, "शाब्बास." घरी आल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? विष घालणाऱ्याला कळलं असतं तर त्यानं पान सोडून दुसरं काही शोधलं असतं.

पण गावात काही लपतं का? सणाला सहा दिवस राहिले असताना चांथीला विहाराच्या कुंपणाशी एक न खाल्लेली पुडी सापडली. तिनं उघडली. आत मिरची आणि मीठ! तिकडे कुणाचं वाटोळं व्हावं असं वाटलं की मिरची आणि मीठ जाळतात आणि त्याचं नाव घेतात. घरात नुसतं मिरची-मीठ एकत्र सांडलं तरी बायका पाण्यानं धुऊन काढतात. आणि इथं तर बांधून, काडी टोचून, विहाराच्या भुईवर ठेवलेलं, तेही मेलेल्यांचा दिवस तोंडावर आलेला असताना! चांथी पुडी दोन बोटांत धरून थेट सभामंडपात गेली. व्रताचा दिवस होता, अर्धं गाव तिथंच बसलेलं.

"लुआंगफो, बघा! कुणी तरी गावावर करणी केलीय!"

कुजबुज सुरू झाली. जो तो शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघायला लागला. गेल्या महिन्यात कुणाची म्हैस मेली, कुणाच्या सुनेचा गर्भ पडला, कुणाच्या विहिरीला वास येतो, सगळं बाहेर आलं. चांथी मात्र सरळ लामफायकडे वळली.

"पहाटे पहाटे खलाचा आवाज कुणाच्या घरातून येतो गं? मी कुटते ती दुकानासाठी. तू एकटी, दात पडलेले. तुला एवढी मिरची कशाला लागते?"

"माझ्या घरात मी काय कुटते ते तुला कशाला? तू तुझ्या टेबलाखाली उकळतं पाणी ओतायचं बघ."

"म्हणजे त्याचा सूड काय? कुत्र्यांपायी गावाला शाप देतेस?"

"गावानं काय कमी केलंय? तीन जीव मारलेत. त्याबद्दल कुणी बोलतंय?"

लुआंगफोंनी हात वर केला. "लामफाय, ही पुडी तू बांधलीस?"

समोर बुद्धाची मूर्ती. अंगावर व्रताची पांढरी वस्त्रं. लामफाय मूर्तीकडे न बघता म्हणाली, "नाही."

बारा वर्षांत ती विहारात खोटं बोलली नव्हती. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. आणि तेवढ्यात तिची नजर थोंगमावर गेली. सगळे तिच्याकडे बघत होते, हा एकटा खाली मान घालून चटईची काडी उपसत होता. का? सगळं गाव तमाशा बघतंय, आणि याला चटईत काय दिसतंय? हाच. लामफायची खात्री पटली. विहारात मिरचीची पुडी सापडली म्हणून सगळे हादरले, आणि याला पानाच्या पुडीकडे बघवत नाही.

सणाची पहाट उजाडली. लामफायनंही पुडी बांधली होती. भात, भाजलेला मासा, आणि केळं घालून वाफवलेला गोड भात, दुआनला आवडायचा तो. तिनं ती बोधिवृक्षाच्या पूर्वेकडच्या मुळाशी ठेवली, दरवर्षी ठेवते तिथंच. मग भिंतीला टेकून उभी राहिली आणि डोळ्यांत तेल घालून एकेक माणूस बघत राहिली. कोण कुठं वाकतं, कोण किती पुड्या ठेवतं, कुणाचा हात थरथरतो.

थोंगमा सगळ्यांच्या शेवटी आला. बोधिवृक्षाशी त्यानं आईबापाची पुडी ठेवली. भिंतीशी एक, बेवारशांची. आणि मग इकडेतिकडे बघत तो विहारामागं गेला, जिथं कुणीच जात नाही तिथं. फणसाखाली. तिसरी पुडी त्यानं तिथं ठेवली. बरीच मोठी.

"सापडलास," लामफाय स्वतःशी म्हणाली.

ती लगेच धावली नाही. सगळ्यांच्या समोर धरायचा होता तिला. उजेड झाला. कुत्री उठली, आळोखेपिळोखे दिले, पुड्यांच्या मधून चालत गेली आणि एकाही पुडीला तोंड न लावता फाटकाशी जाऊन बसली. एकतीसच्या एकतीस. दोनशे पुड्या तशाच्या तशा, काड्या टोचलेल्या, दवानं ओल्या.

लोक वाट बघत राहिले. भिक्खूंचं मंत्रपठण सुरू झालं, तरी एक पान फाटलं नाही. म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले. "आमच्या ह्यांनी घेतलं नाही," एक म्हणाली. "दरवर्षी माझी पहिली फुटते गं." दुसरी तर खांद्यावरचं वस्त्र डोळ्याला लावून बसली. कुत्र्यांना भुतं दिसतात, आपल्याला दिसत नाहीत ते दिसतं, असं तिकडे सगळेच मानतात. आज कुत्र्यांना काय दिसलं असेल?

"करणी! दुसरं काय?" चांथी ओरडली. "मी सांगत होते की नाही? विचारा तिला! विचारा त्या मिरचीवालीला!"

आता मात्र लामफायचा बांध फुटला. "हो, बांधल्या मी! मीच बांधल्या मिरचीच्या पुड्या! करणी नव्हे गं, कुत्र्यांना पानाची भीती घातली मी. का माहितीय? कारण तुमच्यातलाच एक जण पानात विष बांधून आणतो. आजही आणलंय त्यानं. चला, दाखवते!"

ती तरातरा फणसाकडे निघाली, मागून सगळं गाव. लामफायनं वाकून ती मोठी पुडी भुईवरून उचलली. बायकांच्या तोंडून 'अगाई' निघालं. मेलेल्याचं अन्न उचललं बाईनं!

"ये रे थोंगमा, पुढं ये. ही तुझी ना? मग खा. एक घास खा सगळ्यांच्या देखत."

थोंगमा पुढं आला. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, तो तिथंच भुईवर खाली बसला.

"मला नाही खाता येणार, पा."

"ऐकलंत?"

"ती माझी नाही. तिची आहे ती." त्यानं फणसाच्या मुळाकडे बोट केलं. "चारडोळीची."

कुणालाच काही समजेना. लामफायनं काडी उपसली, पान उघडलं. आत रश्श्यात मळलेला भात होता आणि भाजलेल्या काळजाचे तुकडे. पान नाही, सुपारी नाही, विडी नाही, गोड काही नाही. माणसासाठी कुणी असं बांधत नाही.

"कोंबड्याचा राग आला होता," थोंगमा बोलत होता, जमिनीशीच बोलल्यासारखा. "तिच्या एकटीसाठी ठेवलं होतं मी. बाकीची दोघं खातील असं डोक्यात आलं नाही. मी लांब उभा होतो, पा. पिवळा म्हातारा पडला तशी ती खायची थांबली, त्याला चाटायला लागली. मी बघत होतो. मला ओरडून हाकलता आलं असतं." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "वीस दिवस डोळा मिटला की ती चाटताना दिसते. म्हटलं आज तिला जेवू घालावं. पण बघा ना, ती घेतच नाहीये."

"ती घेत नाहीये ती मी मिरची घातली म्हणून, गाढवा," लामफाय म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. वीस दिवस ज्याला धरायचा होता तो सापडला होता, आणि आता त्याचं काय करावं ते तिला कळेना.

ती त्या उघड्या पानाकडे बघत राहिली. खरं असेल का हे? की पकडला गेला म्हणून रचलं? रडणारी माणसं काय तिनं कमी पाहिली होती? नवराही जाताना रडलाच होता.

तिनं काळजाचा एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"पा!" थोंगमा उठायला लागला.

"बस खाली. यात काही असेल तर मी दुआनकडे जाईन, माझं काय जातंय? कासवाला नाही पाठवणार मी." तिनं घास सावकाश चावला, गिळला आणि फणसाच्या मुळावर बसून राहिली. चांथी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. कुणी हललं नाही. मंत्रपठण संपलं, भिक्खूंचं जेवण झालं, ऊन फणसाच्या बुंध्यापर्यंत आलं. लामफायला काही झालं नाही. उलट वीस दिवसांनी परक्या हातचं खाल्लेलं ते काळीज चांगलं भाजलेलं होतं, मीठही बरोबर पडलं होतं. थोंगमानं खूप वेळ निगुतीनं भाजलं असणार.

"कासवा," तिनं हाक मारली. "ये. चारडोळीच्या वतीनं खा."

कासव लंगडत आला. दोन हातांवर थांबला. लामफायनं तळहातावर तुकडा ठेवला आणि हात पुढं केला. कासवानं तिच्या हातातलं पान बघितलं, तिचं तोंड बघितलं, आणि मागं सरकला. तिनं पान लांब भिरकावलं. तुकडा एकटा, नुसत्या तळहातावर. "बघ, पान नाही. ये रे बाळा, ये." कासवाची शेपटी पोटाशी गेली. बादलीतलं तो रोज खात होता, बादलीवर त्याचा विश्वास होता. या हातावर नव्हता. सहा वेळा ज्या हातानं तोंड भाजलं तो हात त्याला चांगला ठाऊक होता.

लामफायनं हात तसाच धरून ठेवला. हात भरून आला तरी धरला.

"दे," तिनं शेवटी थोंगमाकडे तुकडा सरकवला. "तू बघ घालून."

थोंगमानं तो जाड, कोंबड्यांच्या चोचींनी चरे पडलेल्या तळहातावर घेतला आणि खाली धरला. कासवानं हुंगलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग जीभ बाहेर काढून तुकडा उचलला आणि खाल्ला. मारणाऱ्याच्या हातचं खाल्लं. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. थोंगमा हमसून हमसून रडायला लागला, आणि कासव त्याचा तळहात चाटत राहिला.

लोक हळूहळू पांगले. ज्याला त्याला आपल्या पुडीची आठवण झाली. काही जणींनी पुड्या उघडून पान काढलं, नुसता भात भुईवर मोकळा केला, आणि एकेक कुत्रं भीत भीत पुढं आलं. चांथी लामफायला म्हणाली, "मेले, आधी सांगितलं असतंस तर?"

लामफाय बोधिवृक्षाच्या पूर्वेकडच्या मुळाशी गेली. दुआनची पुडी तशीच होती, काडी जागच्या जागी. मेलेल्यांचं काय, त्यांना नुसता वास पुरतो, असं ती वीस दिवस स्वतःला सांगत आली होती. लोकांच्या मेलेल्यांबद्दल ते म्हणणं सोपं होतं. तिनं बसून पुडी उघडली, भात मोकळा केला. गोड भाताला केळ्याचा वास येत होता. कासव तिच्या मागोमाग आला होता. ती खाली ठेवणार, तशी त्यानं मान वळवली. अगदी त्या सातव्या वेळेसारखी.

पळी मनगटावर बसली तेव्हा दुआन हसली होती. लामफायला ते मनगट आठवलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ती त्या झाडाखाली मोठ्यानं रडली. कुणी बघतंय का हेही तिनं पाहिलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि विहारामागं बघत हाक मारली.

"थोंगमा! इकडे ये जरा."

तो आला. लांबच उभा राहिला.

"माझ्या पोरीचं आहे हे. माझ्या हातचं खात नाहीये तो. तूच घाल."

थोंगमा जवळ आला. मग खाली वाकून त्यानं गोड भाताला हात घातला, तेवढ्यात लामफायनं त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी हात धुऊन ये. साबणानं."